एक माणूस, एक बिल्ला

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि तेही कॉलेज हॉटेल-पर्यटन शिकवणारं. माझं मराठी आईशी बोलून आणि बाबांचं ऐकून आलेलं आहे. शाळेत आम्ही भारतातली मुलं आपसात इंग्रजीतच बोलायचो. मराठी वाचायला आईने गावाहून आणलेल्या चौथीच्या पुस्तकावरून शिकलो, त्यामुळे कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं.

दुसरी माफी जरा अवघड आहे. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्या बाई माझ्या कोणी लागत नव्हत्या. त्यांच्या घरच्यांना हे लिहिलेलं आवडेल की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून यात कुणाचंही नाव घातलेलं नाही. माझी त्यांची ओळख एका दिवसाची, खरं तर अर्ध्या दिवसाची. पण त्यानंतर कितीतरी महिने मला एकच गोष्ट कळायला हवी होती: त्या उठून चालायला लागल्या की नाही.

माझे बाबा कुडाळकडचे. ओमानच्या डोंगरातल्या एका खाणीत ते कॉम्प्रेसर मेकॅनिक म्हणून आले. क्रोमाइट नावाचा काळा, जड दगड तिथे निघायचा. हातात घेतला की दिसतो त्याच्या दुप्पट वजनाचा वाटायचा. खाण जोरात होती तेव्हा आई आणि मीही इथे आलो. मग दगड कमी होत गेला, कंपनीने यंत्रं गाडीवर चढवली आणि खाण बंद झाली. आई गावी परत गेली, मी शिक्षणासाठी राहिलो, आणि बाबा डोंगरावरच राहिले, कारण ज्या ओमानी माणसाच्या गाड्या खाणीवर चालायच्या त्याने कामगारांच्या खोल्या विकत घेऊन तिथे पर्यटकांसाठी कॅम्प काढला. बाबा त्याला अर्बाब म्हणतात, म्हणजे मालक. अर्बाब बाबांना म्हणाला, “कॉम्प्रेसर खलास. आता माणसं सांभाळ.”

तेव्हापासून बाबा माणसं सांभाळतात. आमच्या डोंगरावर बारा महिने कोणी ना कोणी असतंच. उन्हाळ्यात खाली मस्कत भट्टीसारखं तापतं तेव्हा लोक गारव्याला वर येतात. ऑक्टोबरपासून पाठीवर मोठ्या पिशव्या घेतलेले गोरे येतात, दोन-दोन दिवस कड्याकड्याने चालतात. मार्चमध्ये शाळांच्या सहली. आणि दोन-तीन वर्षांतून एकदा, थंडीच्या एखाद्या पहाटे, वरची धार पांढरी होते. मग कुणीतरी फोनवर व्हिडिओ टाकतं आणि दुपारपर्यंत अख्खं मस्कत आमच्या वळणावर गाड्या घेऊन हजर.

कॅम्पपासून वर एक पायवाट जाते. अर्ध्या वाटेवर खाणीचं हवा येण्याजाण्याचं जुनं तोंड आहे, त्याला आता लोखंडी जाळी ठोकलीय. तिथपर्यंत खाणीचा जुना रस्ता आहे, पिकअप जाते. त्याच्या पुढे चालतच जायचं, धारेवरच्या जुन्या वाकड्या झाडांपर्यंत.

या पायवाटेच्या सुरुवातीला बाबांनी एक फळा लावलाय. तो खाणीच्या दारावरचा आहे. कंपनी गेली त्या दिवशी बाबांनी तो उचलून आणला. त्याला चाळीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याला नंबर घातलेला पितळी बिल्ला. खाणीत पद्धत अशी होती: आत जाताना प्रत्येकाने आपला बिल्ला काढून खिशात ठेवायचा, बाहेर आलं की आपल्या हाताने परत लावायचा. खिळा रिकामा असेल तर तो माणूस अजून आत आहे. सगळे खिळे भरल्याशिवाय फोरमन जागा सोडत नसे, आणि दुसऱ्याचा बिल्ला लावणं हा खाणीतला सगळ्यात मोठा गुन्हा होता. त्यासाठी बाबांच्या डोळ्यांदेखत एकाला घरी पाठवलं होतं.

बाबांनी हीच पद्धत फिरायला येणाऱ्यांना लावली. गोऱ्यांना ती फार आवडायची, ते फळ्याचे फोटो काढायचे. आपले लोक हसायचे. “काय हो, शाळेतली हजेरी का?” एकदा एक जर्मन बिल्ला खिशात ठेवूनच मस्कतला निघून गेला. बाबा डोंगरावर दोन फेऱ्या मारून आले. शेवटी त्या माणसाचा फोन लागला, तो “सॉरी, सॉरी” म्हणाला, तेव्हा कुठे बाबा जेवायला बसले. भात पार गार झालेला.

त्या जानेवारीत मला कॉलेजची सुट्टी होती. मस्कतला लागून असलेल्या बौशरमध्ये माझं कॉलेज, तिथून मी वर आलो होतो. आदल्या संध्याकाळी गारा पडल्या आणि सकाळी उठून पाहतो तर धार पांढरी. शेजारचा म्हातारा ओमानी, ज्याच्या शेळ्या आमच्या कॅम्पभोवती फिरतात, तो दारात उभा राहून हसत होता. “थल्ज! थल्ज!” म्हणजे बर्फ. “आज तुझा बाप मरणार कामाने,” असं तो मला त्याच्या हिंदीत म्हणाला.

मस्कतमधल्या मराठी कुटुंबांचा एक ग्रुप त्या शुक्रवारी येणार हे आधीच ठरलं होतं. बर्फ हा त्यांच्या नशिबाचा भाग. पाच गाड्या, तेवीस माणसं. बाबांना खालच्या वळणावर जावं लागलं, कारण तिथे चिखल आणि बर्फ मिळून गाड्या घसरत होत्या. जाताना ते मला म्हणाले, “बोर्डार तू. एक माणूस, एक बिल्लो. इसरां नको.”

बाबा घरातही मालवणीच बोलतात. मी उत्तर देतो ते पुस्तकी. ते हसतात.

गाड्यांमधून उतरणाऱ्यांत एक बाई होत्या. साडीखाली लेगिंग, पायात भाच्याच्या मुलाचे स्पोर्ट्स शूज, डोक्याला कानटोपी. सगळे त्यांना आत्या म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागलो. साताऱ्याला पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. बौशरला राहणाऱ्या या भाच्याला त्यांनीच शिकवलं, वाढवलं, आणि आता त्याने हौसेने त्यांना महिन्यासाठी बोलावून घेतलं होतं. हे सगळं मला त्यांच्याकडूनच पाच मिनिटांत कळलं.

“काय रे, इथलाच का तू?”

“हो. म्हणजे कुडाळचा. म्हणजे इथेच वाढलो, म्हणजे…”

“तीनदा म्हणजे! एकदा काय ते ठरव आणि सांग.” मग वर बघून, “हा बर्फ? एवढाच? माझ्या फ्रीजला याच्यापेक्षा जास्त साचतो.”

“वर गेल्यावर जास्त आहे, आत्या.”

“मग वर जायचं. जन्मभर काश्मीर-काश्मीर केलं, आणि बघायला मिळतोय कुठे, तर वाळवंटात. साताऱ्यात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.”

भाचा म्हणाला, “आत्या, तू फक्त त्या खाणीच्या तोंडापर्यंत जा हं. पुढे नको.”

“तू मला चालायला शिकवलंस की मी तुला?”

सगळे हसले. मीही हसलो.

त्या ग्रुपचं सगळं ठरवणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे सर म्हणायचे. मोठ्या कंपनीत मोठ्या जागेवर असावेत. बोलणं स्वच्छ, पुण्याचं. मी फळ्याजवळ उभा राहून सांगायला लागलो की प्रत्येकाने आपापला बिल्ला घ्यायचा आणि येताना आपल्या हाताने लावायचा. माझा आवाज अशा वेळी बारीक होतो.

“अरे, तेवीस माणसं आहेत,” सर म्हणाले. “लाईन लावली तर दुपार होईल. पोरं हरवतील तुझे बिल्ले. मी घेतो ना मोजून. आम्ही सगळे एकाच घरचे समज.”

“पण बाबा म्हणतात की…”

“कॉलेजात आहेस का तू?”

“हो. दुसऱ्या वर्षाला.”

“घरात आधी कोणी शिकलेलं?”

“नाही, सर.”

“शाब्बास!” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “याला म्हणतात जिद्द. बघा रे पोरांनो, हा बघा. तुम्हाला सगळं हातात मिळतं.”

त्या मुलांनी माझ्याकडे बघितलं. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं. असा माणूस माझ्याशी असं बोलला, हे मला खरंच फार मोठं वाटलं. अशा माणसाला मी नियम कसा सांगायचा? सरांनी माझ्यासमोर तेवीस बिल्ले मोजले, एक ते तेवीस, आणि जाकिटाच्या खिशात टाकले. मी बाजूला झालो.

अकराच्या सुमारास सगळे वर गेले. बाराला ढग आले. एकला बारीक बर्फ आणि पाऊस मिसळून पडायला लागला, वारा सुटला, आणि माणसं खाली यायला लागली, चार इकडून, पाच तिकडून, लहान मुलं रडत, बायका शाली डोक्यावर घेऊन. कोणी फळ्यापाशी थांबलं नाही. थांबणार कशाला, बिल्ला कुणाकडेच नव्हता. सगळे थेट गाड्यांत, हीटर लावून, काचा बंद. काचांवर आतून वाफ धरली. आत कोण आहे ते दिसत नव्हतं.

सर शेवटी आले. मिशीवर पाणी, हात लाल. त्यांनी खिशातून मूठभर बिल्ले काढले आणि स्वतः एकेक लावत गेले. पितळ खिळ्याला लागल्याचा आवाज मला अजून आठवतो. “मोज,” ते म्हणाले. मी मोजले. सगळे खिळे भरलेले होते.

“सगळे आले ना, सर?”

“आले रे. तुझा बोर्डच बघ ना.”

मी बोर्ड बघितला. मी सरांवर विश्वास ठेवून बोर्ड बघत होतो आणि सर बोर्डावर विश्वास ठेवून माझ्याकडे. मी गाड्यांपाशी जाऊन काचेवर टकटक करू शकलो असतो. पाच गाड्या, प्रत्येकी अर्धं मिनिट. पाऊस पडत होता आणि मला वाटलं, त्यांना काय वाटेल.

बाबांचा खालून फोन आला. “रस्तो गोठतलो. गाडयो सोडूचे की नाय? सगळे खाली इले? बोर्ड भरलो?”

“भरला,” मी म्हणालो.

माझ्या शब्दावर बाबांनी गाड्या सोडल्या.

चार वाजून गेल्यावर फोन वाजला. भाचा होता. ते सगळे डोंगराखालच्या पेट्रोल पंपावर चहाला थांबले होते. “आत्या चुकून तिकडे राहिलीय का रे?” तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. “जाताना ती चौथ्या गाडीत होती, बायकांबरोबर. आम्हाला वाटलं येतानाही त्यातच असेल. त्यांना वाटलं आमच्याबरोबर बसली.”

मी जेवणाच्या खोलीत बघितलं, बाथरूममध्ये बघितलं, तंबूंची एकेक चेन उघडून बघितलं. हाका मारल्या. मग फोनवर त्याला काय बोललो ते आठवत नाही.

बाबा पिकअप घेऊन वर आले. आधी फळ्यासमोर उभे राहिले. सगळे खिळे भरलेले.

“कोणी लावल्यान?”

“सरांनी.”

“सगळे?”

“सगळे. वर जातानाही त्यांच्याच खिशात होते.”

बाबा रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी नुसता एक बिल्ला बोटाने हलवला. मग म्हणाले, “पोलिसांका फोन कर. इंग्रजी तुका येता. पाणी गरम कर, होते-नव्हते तेवढे कांबळे बाहेर काढ.” शेजारचा म्हातारा तोवर काठी घेऊन आला होता. तो पिकअपमध्ये चढला आणि बाबांना म्हणाला, “यल्ला,” म्हणजे चल.

ते दोघे गेले. मी पाणी तापवलं. गार झालं, पुन्हा तापवलं. पोलिसांशी बोललो. ढगामुळे हेलिकॉप्टर येणार नाही, रुग्णवाहिका वळणापर्यंत येईल, असं ते म्हणाले. मी प्रत्येक वाक्याला “यस सर, यस सर” म्हणत होतो.

सूर्य डोंगराआड जाता जाता पिकअप परत आली. आत्या मागच्या सीटवर आडव्या, बाबांचं जाकीट आणि म्हाताऱ्याची घोंगडी अंगावर. खाणीच्या तोंडापाशी बरोबरच्या बायका थंडीने परत फिरल्या तेव्हा आत्या म्हणाल्या होत्या, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच. तिथे बाजूला खाणीतून काढलेल्या टाकाऊ दगडचुऱ्याचा उतार आहे. त्याच्या सावलीत बर्फ साचला होता, चांगला हातभर. तो घ्यायला त्या उतारावर गेल्या आणि घसरल्या. कमरेपाशी हाड मोडलं होतं. त्यांना हलता येत नव्हतं. जवळजवळ चार तास त्या तिथे होत्या.

मी कपात गरम पाणी घेऊन गेलो. त्यांचे ओठ निळे होते. मला ओळखलं त्यांनी.

“मी हाका मारत होते रे,” त्या म्हणाल्या. “खालून तुमच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मला वाटलं, मोजतायत. आता कळेल, आता येतील.”

मी कप त्यांच्या तोंडाशी धरला. दोन घोट घेतल्यावर डोळे मिटून म्हणाल्या, “पण पाहिला बाई बर्फ.”

रुग्णवाहिका आली, तिच्या मागोमाग भाचा आणि सरही परत आले. पोलीस अधिकारी विचारपूस करत होता, थोडं अरबीत, थोडं इंग्रजीत. बाबांना दोन्ही कामापुरतंच येतं म्हणून मी मधे उभा राहून सांगत होतो. सर म्हणाले, “या मुलाने सांगितलं की बोर्ड भरला आहे.” ते खोटं नव्हतं. अधिकाऱ्याने विचारलं, त्या वेळी फळ्यावर जबाबदारी कोणाची होती? मी भाषांतर करण्याआधीच बाबा म्हणाले, “अना.” अरबीत ‘मी’, म्हणजे बाबा स्वतः.

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. बाकीचं सगळं मी नीट सांगितलं, वेळ, वाट, माणसं किती. ते एक वाक्य मात्र मी दुरुस्त केलं नाही.

सुट्टी संपली, मी बौशरला परत आलो. आत्यांचं ऑपरेशन मस्कतमध्येच झालं. कुठल्या हॉस्पिटलात ते मला माहीत होतं. एकदा संत्री घेऊन गेलोही. वॉर्डाच्या दारातून मला भाच्याची बायको दिसली, ती आत्यांच्या पायाखाली उशी सारत होती आणि आत्या वेदनेने तोंड दुसरीकडे वळवून होत्या. मी संत्री खाली रिसेप्शनवर ठेवली आणि बाहेर पडलो. कुणासाठी ते सांगितलंच नाही. मागे वळून बघितलं तर रिसेप्शनवरचा माणूस पिशवीत डोकावत होता.

भाच्याला मी दोन-तीन मेसेज पाठवले. उत्तर एकदाच आलं: “ऑपरेशन झालं. पुढच्या आठवड्यात साताऱ्याला नेतोय. चालता येईल की नाही डॉक्टर आत्ता सांगत नाहीत.” मी तो मेसेज किती वेळा वाचला असेन. त्यानंतर मी पुन्हा लिहिलं, तर निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. पुढे त्या खुणाही यायच्या बंद झाल्या. मार्चमध्ये धीर करून मी त्यांच्या इमारतीत गेलो. वॉचमन म्हणाला, त्या घरात आता दुसरे लोक आहेत, ते साहेब बदली होऊन दूर दक्षिणेत सलालाहला गेले.

त्याच महिन्यात कॉलेजात प्रकल्प सादर करायचा होता. माझा विषय होता बंद पडलेल्या खाणींच्या प्रदेशातलं बारमाही पर्यटन. मी आमच्या डोंगरावर लिहिलं. उन्हाळ्यातला गारवा, थंडीतली भटकंती, बर्फाचे दिवस, खाणीच्या खोल्यांचे तंबू-कॅम्प कसे झाले ते. आणि सुरक्षिततेच्या भागात बाबांच्या फळ्यावर दोन पानं, फोटोसकट. शिक्षकांना ती दोन पानं सगळ्यात आवडली. खाणीतली शिस्त पर्यटनात आणणं हे फार अस्सल आहे, असं ते वर्गासमोर म्हणाले आणि मला पुढे बोलावलं.

मी बोललो. चांगलं बोललो, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या बाकावरच्या केरळच्या एका मुलीने विचारलं, “ही पद्धत कधी फसली आहे का?”

मी म्हणालो, “माझ्या माहितीत नाही.”

ती खाली बसली. मीही बसलो. त्या तासाचं पुढचं काही माझ्या लक्षात नाही. संध्याकाळी मी मेसमधून ताट तसंच उचलून ठेवलं आणि बाबांना फोन केला.

“बाबा, मी अर्बाबला सांगणार आहे. बोर्डावर मी होतो, तुम्ही नव्हता.”

“तेका म्हायत आसा.”

“कोणी सांगितलं?”

“कोणी कित्याक सांगूक होया? मी खालच्या वळणार होतंय, ता तेणा बघितलेलान. गाडयो तोच ढकलीत होतो माझ्याबरोबर.” मग म्हणाले, “तुका सांगूचा आसात तर तेका नको. तेंका सांग. त्या बायेक.”

“त्यांचा पत्ता नाही माझ्याकडे.”

“मग गावतलो तेव्हा सांग.”

पत्ता मिळवायचा मी प्रयत्न केला. सरांना फोन केला. ते आधी ओळखीने बोलले, कॉलेज कसं चाललंय वगैरे, आणि आत्यांचं नाव काढल्यावर म्हणाले, “हे बघ, तू ते डोक्यातून काढून टाक. वयाची बाई, तिने त्या उतारावर जायलाच नको होतं. आणि पत्ता असा देता येत नाही कुणाचा, समजून घे.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. मला वाटलं, त्यांनाही तो दिवस विसरायचा आहे आणि माझा आवाज ऐकला की आठवतो. मी पुन्हा फोन केला नाही.

एप्रिलच्या सुट्टीत वर गेलो तेव्हा बाबांनी मला पुन्हा बोर्डावर उभं केलं. मी नको म्हणालो. “मगे कोण करतलो?” एवढंच बोलून ते स्वयंपाकघरात गेले. इब्रा गावाहून शाळेची एक सहल आली होती, बत्तीस मुलं. त्यांचे शिक्षक म्हणाले, सगळे बिल्ले माझ्याकडे द्या. मी नाही म्हणालो. माझा आवाज बारीकच होता, पण नाही म्हणालो. ते चिडले. मुलांची रांग लावली, वीस मिनिटं गेली. परत आल्यावर एकेका मुलाने आपला बिल्ला लावला, आणि मी प्रत्येकाचा चेहरा बघितला. मला वाटलं होतं, असं केल्यावर थोडं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट, किती सोपं होतं हे, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

मी आत्यांना एक पत्रही लिहिलं. मराठीत, वहीच्या पानावर. पोस्टात काम केलेल्या बाईंना मेसेज कसला पाठवायचा, असं वाटलं. चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्हीत मी सरांबद्दल लिहिलं होतं, पावसाबद्दल लिहिलं होतं. चौथ्यात ते काढून टाकलं. मी माणसं मोजली नाहीत, मी खिळे मोजले, आणि पोलिसांनी विचारलं तेव्हा गप्प राहिलो, एवढंच ठेवलं. शेवटी विचारलं होतं की तुम्ही आता चालता का. पाकिटावर पत्ता लिहायची जागा रिकामी राहिली. मी रोज ते पाकीट दप्तरातून कॉलेजला नेत होतो आणि आणत होतो.

ऑगस्टच्या शेवटी कॉलेज सुरू होऊन आठवडा झाला होता. दुपारी मी कपडे इस्त्रीला टाकायला निघालो होतो तेव्हा बाबांचा फोन आला. ते नेहमी आधी “जेवलंस?” विचारतात. त्या दिवशी नाही विचारलं.

“सलालाहून फोन इललो. तेंच्या भाच्याचो.”

मी रस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या सावलीत उभा राहिलो.

“काय म्हणाले?”

बाबांनी ज्या क्रमाने ऐकलं त्याच क्रमाने सांगितलं. “मार्चात वॉकर धरून उभी रवली. एप्रिलात काठी घेवन दारापर्यंत चलाक लागली. मे म्हयन्यात काठी टाकल्यान, रस्तो वलांडून एकटीच दुकानात जाय. भाच्यान व्हिडिओ बघितलेलो.”

“म्हणजे चालत होत्या?”

“चलत होती.”

मागे कॅम्पवर कोणीतरी भांडी आपटत होतं.

“जूनात गेली,” बाबा म्हणाले. “सकाळी पेपर वाचताना. पायामुळे काय कशामुळे, ता डॉक्टरान सांगल्यान नाय.”